थाळनेरच्या कबरी काय सांगतात?

पवित्र कुरआन माणसाला पृथ्वीवर संचार करून पूर्वीच्या लोकांचा शेवट पाहण्यास सांगतो. जळगाव-धुळ्याच्या वाचकांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. तापीकाठचे थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. 1382 मध्ये मलिक राजाने येथे स्वतंत्र सत्ता स्थापली. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती संपली. आज थाळनेरला उरल्या आहेत त्या या घराण्याच्या कबरी.

हे घराणे आपली वंशावळ हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे. परंतु हजरत उमर यांचे स्मरण जग करते ते त्यांच्या न्यायामुळे.

मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने नवे नगर वसवले. त्याला स्वतःचे नाव न देता सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांचे नाव दिले. तेच बुऱ्हाणपूर. पुढे राजा अली खानाने तेथे जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि त्याचा आरंभ सृष्टिकर्त्याला वंदन करून होतो. तौहीदची गोष्ट या भूमीच्या भाषेत मांडण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांना थाळनेरला न्या. मरहूमांसाठी मगफिरतची दुआ करा. मात्र ‘आपण राज्यकर्ते होतो’ असे मुलांना शिकवू नका. राज्य 219 वर्षांत गेले. या मातीशी आणि शेजाऱ्यांशी जुळलेले नाते मात्र टिकले, हे सांगा. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे उद्या कोणी विचारले, तर आपले मूल न अडखळता म्हणेल : आम्ही खानदेशचे.