बाबा, तुम्ही बसा

दहावीच्या मुलांच्या कलचाचणीसाठी येणाऱ्या आईबाबांशी नागपूरच्या धंतोलीत माझं रोज बोलणं होतं. मुलाचा स्वभाव कसा आहे, तो कशात रमेल, हे तुम्ही पोटतिडकीने विचारता. आपली स्वतःची वाढ मात्र कधीच आटोपली, असं धरून चालता.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यातले पाच किशोरवयापर्यंतचे; उरलेले तीन तुमचे-माझे आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे. पन्नाशीच्या आसपास प्रश्न असतो, पुढच्यांसाठी माझ्या हातून काही होतंय की मी नुसता साचलोय? आणि शेवटी, जगलो ते बरं जगलो असं मनापासून म्हणता येतं का? याच एरिक्सननी पुढे गांधीजींवर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या शेजारच्या वर्ध्यातलं सेगाव हे खेडं गांधीजींनी राहण्यासाठी निवडलं ते १९३६ साली, वयाच्या ६६व्या वर्षी. म्हणजे त्या वयातही नवी सुरुवात होते. मी मात्र हे घरातच विसरलो.

माझे बाबा अजनीला रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर भाजी, चक्की, विजेचं बिल, सगळं मी त्यांच्या हातून काढून घेतलं. ‘बाबा, तुम्ही बसा.’ प्रेमानेच म्हणायचो. दोन वर्षांत ते खरोखरच बसले. दाढीसुद्धा आठवण केल्यावर करायचे.

एका मार्चमध्ये कूलर काढला, तर पंप फिरेना. मी नवीन आणायला निघालो. बाबांनी पेचकस मागितला. क्षाराचा पांढरा थर त्यांनी जुन्या टूथब्रशने खरवडला, पंपातला पंखा बोटाने हळूच फिरवून पाहिला. माझा मुलगा बॅटरी धरून उभा. ‘नीट धर बाप्पा, हलवू नको.’ पंप सुरू झाला. बाबा मात्र थांबले नाहीत. रात्रपाळीच्या, उन्हाळ्यातल्या शेडच्या गोष्टी सांगत राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या हातचं इंजिन कधी वाटेत बंद पडलं नाही.’

हे वाक्य मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मुलगा त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसतो.

आईबाबांनो, मुलाच्या चाचणीचा कागद जरा बाजूला ठेवा. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एक खरं काम सांगा, त्यांच्यावाचून अडणारं. आणि मुलाला बॅटरी धरायला पाठवा.