आजोबांच्या पाइपसाठी दट्ट्या आणि स्टँड

प्रश्न : आजोबांचा पाइप जपून ठेवला आहे. घरच्या छोट्या लेथवर त्याला दट्ट्या आणि स्टँड करायचा आहे. लाकूड कोणतं घेऊ? सागाचा नवा पाइपही जमेल का? – एक वाचक, रोहा

उत्तर : आधी शेवटचं. सागाचा पाइप करू नका. सागात तेल असतं, तापलं की ते वासाला येतं. पाइपचं खरं लाकूड ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरलेली गाठ. ती सहजी जळत नाही. आपल्याकडे हेच काम मातीची चिलीम करायची, आणि भाजलेल्या मातीला आगीचं भय नाही!

दट्ट्याला शिसवाचा तुकडा घ्या. वखारीत कापातून उरलेला मिळतो, झाड तोडायला नको. जाडी १२ ते १४ मिलिमीटर ठेवा, म्हणजे बहुतेक पाइपांच्या वाटीत सैल उतरेल. निखाऱ्याला टेकणारं टोक मात्र पितळेचं हवं. शिसवाची भुकटी नाकाला आणि कातडीला झोंबते, तेव्हा मास्क लावूनच कातकाम करा.

स्टँडला शिवण उत्तम. हलकी असते, फारशी वाकत नाही. तरी रोह्याचा पावसाळा लक्षात ठेवा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला सांधा आषाढात फुगून चिरतो, म्हणून किंचित फट सोडा. वर मेलामाइन नको, मधमाश्यांचं मेण चोळा.

पाइप मात्र स्टँडवरच राहू द्या. तंबाखू पाइपातली असली तरी कॅन्सर देतेच.