पात्रांचा न्याय कसा करावा?

सांगलीस इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. त्या काळच्या रंगभूमीवर देव कोण व राक्षस कोण हें प्रेक्षकांस वेष व आरोळी यांवरूनच कळत असे. पुढें त्याच सांगलींत १८७२ सालीं जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकांत राघोबादादास उभें केलें, तेव्हां ही ओळख इतकी सोपी राहिली नाहीं.

राघोबास आपण कोणाच्या पंक्तीस बसवावें? १७५८ सालीं मराठी फौजा लाहोरापर्यंत नेणारा हा शूर पुरुष. पुतण्या नारायणराव यास 'धरावें' एवढीच त्याची आज्ञा होती व आनंदीबाईनें 'ध'चा 'मा' केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर तो खुनी ठरत नाहीं. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजीं खून झाल्यावर त्या खुनानें मोकळी झालेली पेशवाई त्यानें स्वीकारली. मग त्यास निर्दोष तरी कसें म्हणावें? त्याचा दोष क्रौर्याहून दुबळेपणाचा अधिक आहे: इच्छा धरावयाची, पण तिच्या परिणामाकडे पाहावयाचें नाहीं. हा दोष आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. म्हणूनच त्याचा आम्हांस जसा राग येतो, तशी कींवही येते.

येथें कित्येक विद्यार्थी घसरतात. पात्र धड सज्जन नाहीं, धड दुर्जनही नाहीं, एवढें कळतांच ते म्हणतात, 'मग दोष कोणासच देतां येणार नाहीं.' हें आम्हांस मान्य नाहीं. याचें उत्तर त्याच नाटकांतील रामशास्त्री प्रभुणे देतात. साताऱ्याजवळील माहुलीचे हे न्यायाधीश राघोबास देहान्त प्रायश्चित्त सांगतात. मनुष्य सर्वस्वीं दुष्ट नाहीं, म्हणून त्याचें कृत्य निर्दोष ठरत नाहीं; आणि कृत्य घोर आहे, म्हणून तो मनुष्य राक्षस होत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढें कोणत्याही पात्राविषयीं लिहितांना तीन प्रश्न वेगळे ठेवावे. त्याच्या मनांत काय होतें? त्यानें केलें काय? आणि झाल्यावर त्यानें काय स्वीकारलें? पहिल्यानें सहानुभूति जागृत होते, दुसऱ्यानें न्याय करतां येतो, तिसऱ्यानें मनुष्याची पारख होते. पुस्तकांतील माणसांकडे असें पाहण्याची संवय लागली, तर शेजाऱ्यास राक्षस व स्वतःस देव मानण्याची घाई आपल्या हातून कमी होईल.