ते थेंब घालू नकोस

चि. मृणाल,

काल वहिनीचा फोन आला. तुझ्या साखरी मांजरीचा डावा डोळा उघडत नाही, सारखं पाणी गळतंय, आणि दादाचे डोळे आले होते तेव्हाची उरलेली बाटली काढून तू थेंब घालते आहेस म्हणे. ऐकल्यापासून मला चैन नाही. आधी ती बाटली बाजूला ठेव.

अगं, तसल्या औषधात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असली तर ती भरायची सोडून खोल जाते, भोकसुद्धा पडतं. मांजरांचे डोळे बऱ्याचदा हर्पीसच्या विषाणूने येतात, तोही स्टेरॉइडने उफाळतो.

शिवाय साखरी पर्शियन, चपट्या नाकाची. या जातीत खालची पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. डॉक्टर डोळ्यात केशरी रंग घालून निळा दिवा धरतील; जखम असेल तिथे हिरवं चमकेल. कधी नुसत्या दुखण्यानेही पापणी आवळून आत जाते, म्हणून बधिर करणारा थेंब घालून बघतात. मुळातच वळलेली असली, तर पापणीखालची चंद्रकोरीसारखी कातडी काढून टाके घालतात. कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसला तर तो कापसाने ढकलू नकोस, ती मांजराची तिसरी पापणी.

वाईच्या वाड्यातल्या मनीचा डोळा असाच गेला. आजी काजळ घालायची, डॉक्टरचं नावही कुणी काढलं नाही. मी लहान; तिला मांडीवर घेऊन बसायचे, एवढंच. पुढे मांजर पाळायचं धाडस झालं नाही. ती वर्षं तशीच गेली, याची आजही हळहळ वाटते.

म्हणून पुन्हा सांगते, ते थेंब नकोत. उकळून कोमट केलेल्या पाण्याने पूस, दर डोळ्याला वेगळा कापूस घे. परळचा जनावरांचा दवाखाना दादरहून काय लांब आहे? उद्याच ने, बाटलीही दाखव. किती थेंब घातलेस ते न घाबरता सांग.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. रात्र रात्र जागून तू तिचा डोळा पुसतेस, हेही वहिनीनेच सांगितलं. पैशांचं दादाला बोलू नकोस, माझ्याकडे माग. ऑपरेशन ठरलंच तर मी येते. गळ्यातल्या कॉलरने ती घरभर धडकत हिंडेल, ते बघून तू एकटी रडत बसायला नकोस. आणि वेळेवर जेवत जा गं.

तुझी,
आत्या