इलेक्ट्रिक कार आणण्याआधी अर्थिंग तपासा

प्रश्न : महागडी इलेक्ट्रिक कार घ्यावी म्हणतो. रोज जालना ते छत्रपती संभाजीनगर जाणे-येणे, महिन्यातून एकदा समृद्धीवरून मुंबई. इथले ऊन आणि अधूनमधून जाणारी वीज पाहता निभाव लागेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : नक्की लागेल, पण गाडीआधी घरची तयारी करा. तुमच्या रोजच्या सव्वाशे किलोमीटरला साधारण २५ युनिट लागतील. ७.४ किलोवॅटचा चार्जर ते साडेतीन-चार तासांत भरून काढतो, त्यामुळे रात्री मध्येच वीज गेली तरी सकाळी अडत नाही. त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या आणि चार्जरला स्वतंत्र वायर ओढा.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि चार्जर दोष दाखवून बंद पडतो. खड्ड्यात नियमित पाणी घाला. जाणकार वायरमनकडून मोजणी करून घ्या.

उन्हातून आल्यावर बॅटरी थोडी निवू द्या, मग चार्जिंग लावा. रोज किती टक्के भरायची, ते बॅटरीच्या प्रकारावर ठरते. कंपनीची पुस्तिका पाहा.

समृद्धीवर ताशी १२० ची मुभा असली, तरी ८० च्या तुलनेत हवेचा रोध सव्वादोन पट होतो. ९०-१०० चा वेग ठेवा, टायरमधील हवा तपासूनच निघा आणि चार्जिंगचा थांबा आधीच ठरवा. एका चार्जवर मुंबई गाठण्याचा हट्ट धरू नका.