आधी पोच्याचा फोटो काढा

साताऱ्याहून एक गृहस्थ माझी गाडी बघायला पुण्याला आले होते. सोबत पत्नी, कॉलेजातला मुलगा आणि ओळखीचा एक मिस्त्री. एकशेदहा किलोमीटरचा रस्ता, खंबाटकीच्या बोगद्यापाशी झालेला खोळंबा, हे सगळं सोसून आलेली माणसं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या डाव्या दारापाशी थांबून पत्र्यावर तळवा फिरवला आणि खिशातून फोन काढून माझ्याच जाहिरातीतला फोटो माझ्यापुढे धरला. फोटोतलं दार आरशासारखं लखलखीत. समोरच्या दारावर वीतभर पोचा.

"पोच्याचं काही नाही हो," ते म्हणाले, "तो निघतो. पण हा दाखवला नाहीत म्हटल्यावर आणखी काय काय दाखवलं नाहीत, ते आता आम्ही हुडकत बसायचं का?"

चहासुद्धा न घेता मंडळी परत गेली. पुढचे दोन दिवस मला ते दार बघवेना.

गाडी तशी चांगली. २०१४ची वॅगन-आर, चंदेरी रंग, कंपनीचंच सीएनजी, पहिल्यापासून एकाच हातात, एक्याऐंशी हजार किलोमीटर. सर्व्हिसची बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत तारीखवार लावलेली. एवढं असताना मी लबाडी का केली? खरं सांगायचं तर ठरवून केलेली नव्हती. त्याआधी श्रावणात मी स्वतः काढलेल्या फोटोंवर एकही फोन आला नव्हता, त्याचा तो उतारा होता.

ते पहिले फोटो सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, रात्री नऊ वाजता, ट्यूबलाइटखाली काढलेले. गाडी हिरवट दिसत होती. मागे कुणाची तरी स्कूटर, पाण्याचा पाइप, भिंतीला टेकवलेली मोडकी सायकल. आदल्या दसऱ्याच्या हाराची तार बॉनेटच्या फटीत तशीच लोंबत होती. आणि चालकाच्या दारात, अगदी मधोमध, मी. बनियनमध्ये. गाडीचा रंग म्हणजे आरसाच असतो हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चुलतभावाने तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून 'गाडीसोबत मालक मोफत का?' असं विचारलं.

मग भाचा मदतीला आला. "मामा, तुम्ही बाजूला व्हा." त्याने गाडी धुतली, ओलीच ठेवली, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उभी केली आणि पोचा दिसणार नाही असा कोन बरोबर शोधला. वर फोनमधल्या एका फिल्टरने रंग असा काही खुलवला की चंदेरी गाडी निळसर झाली. फोन धडाधड आले, सातारकरही त्यातलेच. त्यांच्याखेरीज आणखी तिघे आले. तिघांनीही एकच केलं: दारावर हात ठेवला आणि किंमत पाडली. मी पावणेतीन लाख सांगत होतो, एकाने दोन तीसवर बोट ठेवलं. लपवलेल्या पोच्याची वजावट दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट झाली.

ओल्या गाडीबद्दल इथेच सांगून टाकतो. पाण्याखाली बारीक ओरखडे आणि रंगाचा उतरलेला तजेला दिसत नाही, म्हणून ओली गाडी फोटोत देखणी वाटते. हे रोज जुन्या गाड्या बघणाऱ्याला पक्कं माहीत असतं. जाहिरातीत ओली गाडी दिसली की तो पुढच्या फोटोकडे वळतो, किंवा आधीच दहा हजार कमी धरून फोन करतो. गाडी आदल्या दिवशी धुवा आणि मऊ, स्वच्छ फडक्याने कोरडी करा. धुळीच्या फडक्याने पुसाल तर गोलगोल चरे पडतील आणि तेच फोटोत उन्हाला चमकतील.

एव्हाना पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात गाडीचा सौदा करायला आपल्याकडे फारसं कुणी येत नाही. फोन थंडावले. मी जाहिरात काढून टाकली आणि घटस्थापनेला नव्याने द्यायची ठरवली. म्हणजे हाताशी दोन आठवडे होते, आणि जे शिकलो ते त्या दोन आठवड्यांत, पन्नासेक फोटो फुकट घालवून.

जागा महत्त्वाची, कारण जागा नुसती मागे दिसत नाही, ती गाडीच्या अंगावरही उमटते. समोर झाड असेल तर दारावर फांद्यांची जाळी, उंच इमारत असेल तर बॉनेटवर खिडक्या. मला आमच्या मागच्या शाळेचं मैदान सापडलं. रविवारी रिकामं, एका बाजूला लांब काळपट दगडी भिंत. पहारेकऱ्याला विचारून गाडी आत नेली. चंदेरी किंवा पांढरी गाडी अशा गडद भिंतीपुढे उठून दिसते. काळ्या गाडीचं दुखणं वेगळं: ती सगळंच पकडते, तिला चहूकडून मोकळं आकाश हवं. गाडी भिंतीला चिकटवून लावू नका, चार-पाच पावलं पुढे घ्या. स्वतः गडद कपडे घाला. हे मी अनुभवाने सांगतोय.

उजेडाचं गणित मला उशिरा कळलं. भर दुपारी छप्पर पांढरंफटक पडतं आणि चाकांच्या कमानींत काळोख साचतो. सकाळी सूर्य वर आल्यावरचा पहिला पाऊण तास चांगला. सूर्य बुडाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं त्याहून चांगली. आकाश सगळीकडून सारखं उजळलेलं असतं आणि पत्र्याच्या रेषा स्वच्छ दिसतात, मात्र तेव्हा फोन जराही हलता कामा नये. आणि सगळ्यांत सोपा उजेड म्हणजे पाऊस नसलेला ढगाळ दिवस. भाद्रपदातल्या अशाच एका मळभाच्या सकाळी माझे निम्मे फोटो झाले.

आता कोन. फोनचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद बघतो. गाडीला खेटून फोटो काढला की जवळचा दिवा फुगतो, मागची बाजू आक्रसते. वॅगन-आर आधीच डब्याच्या घाटाची. माझ्या पहिल्या फोटोत ती गाल सुजल्यासारखी दिसत होती. दहा-बारा पावलं मागे जा, मग दोन पट झूम करा, आणि उकिडवे बसून फोन हेडलाइटच्या उंचीवर आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत छप्परच जास्त येतं आणि गाडी खेळण्यातली वाटते. पहिला फोटो पुढच्या कोपऱ्यातून, नाक आणि एक पूर्ण बाजू दोन्ही दिसतील असा. स्टिअरिंग थोडं वळवून पुढच्या चाकाचा चेहरा आपल्याकडे करा, नुसता टायर दाखवू नका. फोन आडवा धरा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. त्याने माझ्या गाडीचा अँटेना अर्धा कापला आणि आरशाची कड विरघळवून टाकली. आणि आधी शर्टाच्या टोकाने का होईना, लेन्स पुसा.

आतल्या फोटोंसाठी फ्लॅश नको. गाडी सावलीत घ्या, चारही दारं उघडा, मागच्या सीटच्या मधोमध बसून पूर्ण डॅशबोर्ड घ्या. मीटरचा फोटो इंजिन चालू करून काढा. नुसती चावी फिरवली की इंजिनाचा, तेलाचा, बॅटरीचा असे सगळे इशाऱ्याचे दिवे पेटलेले असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं गाडी आजारी आहे. क्लच-ब्रेकच्या पेडलांवरचं रबरही दाखवा. हुशार माणूस रबराची झीज आणि मीटरचा आकडा जुळतोय का ते ताडून बघतो, मग आपणच ते सोपं करून द्यावं. टायरच्या कडेवरच्या लंबगोलात शेवटी चार आकडे असतात. माझ्या टायरवर '२३२१', म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. तो फोटो टाकल्यावर 'टायर कधी बदलले?' हा प्रश्नच संपला. सीएनजी असेल तर डिकी उघडून सिलिंडर आणि त्याच्यावरची चाचणीच्या तारखेची पट्टी. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि घेणारा ते पहिल्याच फोनमध्ये विचारतो. जादा चाक, जॅक, दुसरी चावी, सर्व्हिसची बिलं, हे सगळं एका चादरीवर मांडून एकच फोटो. मात्र चावीच्या जुडग्यातून घराच्या चाव्या आधी काढा.

डॅशबोर्डवरच्या गणपतीवरून घरात वाद झाला. आई म्हणाली, गाडी जाईपर्यंत तो तिथेच राहू दे. मी म्हटलं, घेणाऱ्याला गाडी आपली वाटायला हवी. शेवटी नमस्कार करून उचलला, तर खाली डिंकाचं गोल वर्तुळ, जे कशानेही निघेना. त्याचाही फोटो टाकला.

कारण एव्हाना सातारकरांचं बोलणं डोक्यात पक्कं बसलं होतं. या खेपेला मी सुरुवात पोच्यापासूनच केली, आणि पोच्याचा फोटो काढणं हे चांगल्या बाजूच्या फोटोपेक्षा अवघड निघालं. समोरून काढला तर पोचा गायब होतो. भाच्याची सगळी कारागिरी एवढीच तर होती. पत्र्याच्या कडेने तिरपं बघायचं आणि एखादी सरळ रेष, भिंतीची वरची कड किंवा विजेची तार, पोच्यावर उमटेल असं उभं राहायचं. रेष जिथे वाकते तिथे पोचा. मापासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं धरलं. प्रत्येक खुणेचे दोन फोटो: एक लांबून, कुठे आहे ते कळायला, एक जवळून, किती आहे ते कळायला. ओरखडा असेल तर आधी त्यावरून नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर बहुधा वरचा पारदर्शक थरच खरचटलेला असतो, पॉलिशने बरंच निभावतं, तसं लिहा. हाराच्या तारेने बॉनेटच्या कडेवर काढलेल्या तीन रेघाही मी टाकल्या. एकूण चोवीस फोटो, त्यातले सात दोषांचे. भाच्याने कपाळाला हात लावला.

जे दाखवायचं नाही तेही आहे, आणि ते मी ठेच खाऊन शिकलो. भाच्याच्या फेरीत उत्साहाच्या भरात आरसीचा फोटोही जाहिरातीत टाकला होता. आठवड्याने एका अनोळखी माणसाचा फोन आला. तीच गाडी, तेच फोटो, तीच आरसी, भाव मात्र सव्वा लाख, आणि कुणाला तरी पाच हजारांचं टोकन देऊन तो गाडी कधी मिळणार म्हणून विचारत होता. माझा नंबर त्याला आरसीवरच्या नाव-पत्त्याचा माग काढून मिळाला होता. त्याला समजावताना माझा घसा कोरडा पडला. त्याचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हा आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रं प्रत्यक्ष भेटीत दाखवा. फोटोत नंबरप्लेट झाका. आणि पुढच्या काचेवर आतून चिकटवलेला तो छोटा स्टिकर विसरू नका, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. त्यावर इंजिन आणि चॅसीचा क्रमांक छापलेला असतो. प्लेट झाकणारे बरेच जण तो मात्र स्पष्ट दाखवतात. व्हॉट्सअॅपवर कुणाला मूळ दर्जाचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेत, तर फोटो कुठे काढला ते ठिकाणही सोबत जाऊ शकतं. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद आधी बंद करा.

घटस्थापनेच्या सकाळी जाहिरात दिली. फोन पहिल्यापेक्षा कमी आले, आठ-नऊच. पण एकानेही 'टच-अप झालंय का, कुठे ठोकलीय का' असं विचारलं नाही. प्रत्यक्ष दोघेच आले. दुसरे पिंपरीचे, रिक्षाचा व्यवसाय असलेले. त्यांनी दारावर हात ठेवला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "फोटोत मोठा दिसत होता." दोन लाख बासष्ट हजारांना व्यवहार ठरला. त्यांना गाडी दसऱ्यालाच हवी होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी गाडीला नवा हार घातला, या वेळी दोऱ्याचा, तारेचा नव्हे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, फास्टॅग मी आधीच बंद केला होता. निघण्यापूर्वी मी एक शेवटचा फोटो मागितला: ते गाडीपाशी उभे, हातात तारीख-वेळ आणि दोघांच्या सह्या असलेली ताबापावती, आणि लगेच मीटरचा आकडा. वेळ सहा चाळीस. ते जरा संकोचले, पण उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर चलान आलं, सिग्नल तोडल्याचं. आरसीवर अजून माझंच नाव, त्यामुळे ते माझ्याकडेच यायचं. मी तो फोटो आणि चलान एकामागोमाग एक पाठवलं. त्यांनी रात्री जेवायच्या आत पैसे भरले, वर 'सॉरी काका' असा निरोप. आरसीवर त्यांचं नाव चढायला पुढे तीन आठवडे लागले. तेव्हा गाडी विकताना बाकी काही विसरलात तरी चालेल, हा शेवटचा फोटो काढायला विसरू नका, आणि नाव चढेपर्यंत फोनमधून काढूही नका.