जंप स्टार्टर ज्याच्याकडे, तो सगळ्यात मागे

मे संपत आला की नगर, संगमनेर, नाशिककडच्या गाड्यांची भंडारदऱ्याकडे रीघ लागते. पाऊस पडायच्या आधीचे काही आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी लखलखत असतात आणि ते पाहायला माणसं रात्री-बेरात्री घाटघर, रतनवाडीपर्यंत जातात. मोटारसायकलवाल्यांबरोबर मीही वर्षानुवर्षं या वाटेनं जातो आहे. पंक्चरची तयारी जवळजवळ प्रत्येकाकडे असते, बॅटरीची क्वचित कोणाकडे. गाडी मात्र बॅटरीपायीही अडते.

एका काजवा मोसमात आमच्यातल्या एका तरुणाची गाडी रतनवाडीच्या अलीकडे बंद पडली. काजव्यांसाठी सगळ्यांनी दिवे मालवले होते. यानंही हेडलाइट बंद केला, पण मोबाइल चार्जिंगला लावून चावी चालूच ठेवली आणि मागून येणाऱ्यांना गाडी दिसावी म्हणून खालचे दोन फॉगलाइट जमिनीकडे वळवून तसेच ठेवले. तासाभरानं सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. गाडीला किक नाही. मोबाइलला रेंज नाही. मेकॅनिक राजूरला, तोही सकाळी दुकान उघडेल तेव्हा.

हिशोब साधा आहे. वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी साधारण सव्वातीन अँपिअर जातात. पाच अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर दीड तास पुरते. पण इंजिन फिरवायला सेल्फला एकदम मोठा झटका लागतो, तेवढी ताकद त्याच्या खूप आधी संपलेली असते. दिवा पेटतो म्हणून गाडी सुरू होईल, असं समजू नका.

आधी धक्का मारून पाहिला. मीटरचे दिवे उजळत असतील तर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे: चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून उतारावर वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा. पण 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला पेट्रोलचा पंप आणि इंजिन सांभाळणारा ईसीयू, दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी ठार उतरली की धक्का मारून फक्त माणसं दमतात. गिअर नसलेल्या स्कूटरला तर धक्क्याचा उपयोगच नाही.

तेवढ्यात वस्तीतले एक म्हातारबाबा आले. म्हणाले, "गावात मुक्कामाची एस्टी उभी हाये ना, तिच्या बॅटरीवर लावा की." माणूस मायेनं सांगत होता, पण मी हात जोडले, "बाबा, तिची चोवीस व्होल्टची, आपली बाराची. लावली तर गाडीचा मेंदूच जळायचा." एस्टी आणि मोठ्या ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस केलेले असतात. मोटारसायकलला फक्त बारा व्होल्टच्या गाडीचा आधार घ्यायचा: दुसरी मोटारसायकल, कार किंवा पिकअप. कारचा आधार घेताना कारचं इंजिन बंद ठेवावं, तिच्या बॅटरीत आहे तेवढं पुरेसं असतं.

शेवटी भाजीच्या पिकअपवाल्यानं गाडी थांबवली. त्याच्याकडे जंपर केबल होती. बॅटरी मात्र सीटखाली होती आणि सीट काढायला दहा नंबरचा पाना लागत होता, तो शोधण्यात वेळ गेला. केबल जोडायचा क्रम पाठच असावा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि त्याचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडू शकते, म्हणून हे अंतर. उजेडासाठी काडी ओढणं तर अजिबात नको. काढताना उलटा क्रम.

गाडी सुरू झाली तरी काम संपत नाही. नुसत्या आयडलवर बॅटरी फारशी भरत नाही. गाडी चालती ठेवावी लागते. फॉगलाइट बंद, चार्जिंग बंद आणि राजूर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

परदेशात बर्फावर स्नोमोबाइल घेऊन जाणारे लोक उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारा जंप स्टार्टर बरोबर ठेवतात, कारण कडाक्याची थंडी बॅटरीचं बळ काढून घेते. आपल्याकडे हे काम उन्हाळा करतो. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या पट्ट्या झिजतात. गावात रोज दोन फेऱ्या मारताना ते कळत नाही. पहिल्या पावसात, थंडगार पहाटे, घाटघरच्या धुक्यात कळतं. म्हणून तपासणी निघायच्या आदल्या आठवड्यात घरीच करावी. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ठीक. 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करून घ्यावी, आणि चार्ज करूनही पुन्हा उतरत असेल तर बदलावी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी टाकूनही गाडी वाटेतच बसेल. टर्मिनलवर पांढरी पावडर साचली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावावी.

बरोबर न्यायचं सामान छोट्या पिशवीत मावतं: बारा व्होल्टचा लिथियम जंप स्टार्टर, आपल्या गाडीला लागणारा पाना आणि एलन की, दोन-तीन जादा फ्यूज, डोक्याला लावायचा टॉर्च, जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि राजूरच्या मेकॅनिकचा नंबर कागदावर. मोबाइलची पॉवर बँक पाच व्होल्टची, तिच्यावर गाडी सुरू होत नाही. जंप स्टार्टर मात्र मोबाइलही चार्ज करतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावा आणि उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नये. पूर्ण उतरलेली बॅटरी काही जंप स्टार्टरना ओळखताच येत नाही. त्यासाठी वेगळं बटण असतं, पण ते दाबल्यावर उलट्या जोडणीपासूनचं संरक्षणही बंद होतं. लाल-काळं दोनदा पाहूनच दाबावं. सीट उघडून बॅटरीला चिमटे लावायचा सराव एकदा घरच्या अंगणात, उजेडी करून ठेवावा.

प्रत्येकानं जंप स्टार्टर घ्यायलाच हवा असं नाही. आठ-दहा गाड्यांना एक पुरतो. पण तो कोणाच्या पिशवीत आहे हे सगळ्यांना माहीत हवं, आणि त्या माणसानं सगळ्यांच्या मागे गाडी चालवावी. तो पुढे असेल तर मागे कोणी अडकलंय हे त्याला शेंडी गावात चहा घेताना कळेल, आणि अडकलेल्याकडे त्याला परत बोलवायला रेंज नसेल.